चार्ज दिला

दारव्ह्याच्या डॉक्टर भुतडांनी दंडावरचा पट्टा सोडला,
कागदावर लिहिलं: एकशे सत्तर, एकशे आठ.
म्हणाले, मीठ कमी, बिडी बंद,
ही गोळी सकाळी, अर्धी रात्री,
आणि टेन्शन घेऊ नका.
मी मोबाइल टेबलावर पालथा घातला.
तो तेवढ्यातही दोनदा थरथरला.

तेहतीस के.व्ही. सबस्टेशनचा ऑपरेटर मी.
पौषात, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत,
अख्खं शिवार माझ्या फोनमध्ये मुक्कामाला असतं.
"लाइन केव्हा येते बे?"
"झोपला का रे तू?"
फीडर ट्रिप होतो, मी उठतो, ब्रेकर लावतो.
छातीतही काहीतरी ट्रिप होतं,
त्याला मात्र हँडल नाही.

एलिशिबा भाजीत मीठ घालत नाही आता.
अंबाडी नुसती आंबट.
लोणच्याची बरणी तिनं पाळकांच्या घरी नेऊन ठेवली,
कोणत्या फळीवर, ते मला ठाऊक आहे.
रात्री भिंतीकडे तोंड करून ती प्रार्थना कुजबुजते,
सगळ्यांची नावं घेते, शेजारच्या आजारी बकरीचंही.
मी पडून असतो.
पत्र्यावर मांजर चाललं तरी वाटतं, रिले पडली.

एकदा तिला ते सांगितलं, जे डॉक्टरला सांगितलं नव्हतं.
अंबादास खांबावर होता. परमिटवर सही माझी.
लाइन मी बंद केली होती, चौकशीतही तसंच निघालं,
कुणाच्या तरी जनरेटरनं उलटा करंट सोडला.
उजवा हात कोपरापासून गेला त्याचा.
मी सुटलो, कागदावर.
तेव्हापासून रोज रात्री तो स्विच मी बंद करतो.
बघतो, बंद आहे.
पुन्हा बघतो.

बराच वेळ ती गप्प होती.
मग म्हणाली, "ड्युटी सरली का तुमी काय करता?"
"लॉगबुकात लिहितो, चार्ज दिला. वेळ. सही."
"मंग?"
"मग मनवर लिहितो, चार्ज घेतला. मी घरी येतो."
"देल्यावर पॅनेलले हात लावता?"
"नाही. नियम नाही तसा."
"मंग प्रभू रात्रपाळीले बसला असताना
तुमी काहून खुर्ची सोडत नाही?"

हसू आलं. रागही आला.
इतकं सोपं असतं तर गोळ्या कोणी खाल्ल्या असत्या?

तरी त्या रात्री बाजेवर बसून मोठ्यानं बोललो:
अकरा वाजून दहा मिनिटं.
फीडर दोन चालू. तीन चालू.
पोराचा फोन नाही.
बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी.
अंबादासचा हात.
चार्ज दिला.
सही कुठं करायची कळेना, तसाच आडवा झालो.
समोरून कोणी "घेतला" म्हटलं नाही.
नुसता श्वास, आत, बाहेर,
आणि लांब कुणाची तरी मोटर पाणी ओढत होती.

तीनला जाग आली. सगळं परत माझ्याच हातात.
पुन्हा दिला.
चारला पुन्हा.
एलिशिबा अंधारातून म्हणाली,
"देत राहा. तो कंटाळत नाही."

फाल्गुनात पट्टा पुन्हा फुगला: एकशे चाळीस, नव्वद.
"गोळी सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले.
नाही सोडणार. अर्धी गोळी पाण्यासोबत जाते,
मग लॉगबुक.

परतताना फाट्यावर गाडी थांबवली.
दोन वर्षं या टपरीसमोरून मी
मान रस्त्यात खुपसून गेलो होतो.
अंबादासनं गाळणी तारेनं स्टँडला बांधली होती,
गाठ लाइनमनचीच, पक्की.
डाव्या हातानं चहा ओतला.
"साखर?"
"चालते. मीठच बंद आहे."
तो हसला.
"लय दिवसानं आला बाप्पा. लाइन बंद होती का?"

मी काही बोललो नाही.
कप दोन्ही हातांनी धरला होता.
लक्षात आलं,
तेव्हा एक हात काढून घेतला.